मामाच्या छोट्या पंपाची वाट पाहू नका

फोंड्याजवळच्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून मुख्य भाग तेवढा देते.

"ताई, माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. गेल्या पावसाळ्यात तिला टाईप वन डायबेटीस निघाला. दिवसाला चार इंजेक्शनं आणि सहा-सात वेळा बोट टोचणं चाललंय. डॉक्टर म्हणतात, दंडावर सेन्सर लावा, पुढे पंपाचाही विचार करू. मुलगी एकदा हो म्हणते, एकदा दार लावून बसते. तिला गणेशचवथीला फुगडीत उभं राहायचंय आणि दंडावरचा तो पांढरा बिल्ला सगळ्या वाड्याला दिसेल म्हणून रडते. माझा भाऊ इंग्लंडला असतो. तो म्हणतो, घाई करू नका, ही यंत्रं दर वर्षी लहान होतायत, तिकडे बिननळीचा पंप आहे, आणखी लहान आला की मी पाठवतो. सासूबाई म्हणतात, अंगाला मशीन चिकटवलेल्या मुलीला उद्या कोण करून घेणार. मला रात्रीची झोप नाही. थांबू की लावू?"

नमस्कार. उत्तर आधी देते, कारण तुम्ही पुरेशा जागल्या आहात. थांबू नका. सेन्सर, म्हणजे साखर सतत मोजणारा तो बिल्ला, लावा, आणि चवथीच्या आधी लावा. पंपाचं, म्हणजे थेंबाथेंबाने इन्सुलिन देणाऱ्या यंत्राचं, सावकाश ठरवलं तरी चालेल, पण तोही 'अजून लहान येईल' या आशेवर लांबवू नका. आता का, ते सांगते. त्यासाठी मला थोडं मागे जावं लागेल, कारण तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यातूनच माणसाची जास्त फसगत होते.

मला हा आजार, म्हणजे ज्यात शरीरात इन्सुलिन बनतच नाही तो टाईप वन मधुमेह, १९८४ साली झाला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. बार्देशातलं आमचं घर. आमच्याकडे यंत्र म्हणजे एक परीक्षानळी, लाकडी चिमटा आणि स्पिरिटचा दिवा. रोज सकाळी बाबा नळीत बेनेडिक्टचं निळं पाणी घेत, त्यात ड्रॉपरने माझ्या लघवीचे आठ थेंब मोजून टाकत आणि नळी दिव्यावर धरत. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रंग बघायचे. निळा राहिला तर बरं, हिरवा झाला तर थोडी साखर, पिवळा, नारिंगी, आणि वीटकरी झाला की आईचा चेहरा उतरायचा. आणि तो रंगसुद्धा त्या घडीचा नव्हेच. लघवीत साखर दिसते ती आधीच्या काही तासांची. म्हणजे रात्री काय झालं ते आम्हाला सकाळी कळायचं, आणि साखर कमी झालेली तर त्यात कधी कळायचीच नाही. सिरिंज काचेची, सुईसकट पातेल्यात उकळायची. त्या पातेल्याच्या कडेला पाण्याचा पांढरा थर बसलेला मला अजून दिसतो.

त्या काळी परदेशात रक्तातली साखर मोजणारं यंत्र होतं. एम्स कंपनीचं ते मीटर १९७० च्या सुमारास आलं. वजन सव्वा किलोच्या आसपास, किंमत जवळजवळ पाचशे डॉलर, भिंतीतल्या विजेवर चालणारं, आणि विकायचं फक्त डॉक्टरांना आणि इस्पितळांना. रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या अमेरिकी इंजिनिअरला स्वतःला लहानपणापासून टाईप वन होता. त्याला ते मीटर कोणी देईना, म्हणून त्याने डॉक्टर असलेल्या बायकोच्या नावाने मागवलं आणि घरी रोज अनेकदा साखर मोजू लागला. रुग्णाने स्वतः मोजायचं, ही गोष्ट तेव्हा डॉक्टरांच्या गळी उतरत नव्हती. पुढे तो चाळिशीनंतर स्वतःच डॉक्टर झाला. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. सव्वा किलोचा डबा टेबलावर ठेवून तो जगला. 'लहान येईल तेव्हा बघू' असं तो म्हणाला असता तर? १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचं एक्झॅकटेक मीटर आलं. तोपर्यंत सतरा वर्षं गेली होती.

पंपाचंही तसंच. १९६३ च्या सुमारास लॉस एंजलिसचे डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी पहिला नमुना बनवला. तो पाठीवर दप्तरासारखा घ्यावा लागे. दप्तरही शाळेतलं नव्हे, डोंगर चढणाऱ्यांचं. तो वापरात कधी आलाच नाही, पण यंत्राने साखर मोजावी आणि त्याप्रमाणे औषध द्यावं ही कल्पना तिथे मांडली गेली. सत्तरच्या दशकात बायोस्टेटर आलं. ते खाटेशेजारी उभं करायचं कपाटवजा यंत्र, रुग्ण त्याला नळ्यांनी बांधलेला. मग १९७८ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या जॉन पिकअप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कातडीखाली बारीक सुई ठेवून, छोट्या पंपाने थेंबाथेंबाने इन्सुलिन देत राहिलं तर साखर चांगली सांभाळता येते. त्याच सुमारास अमेरिकेत डीन केमन यांचा ऑटोसिरिंज पंप आला. वापरणारे त्याला 'निळी वीट' म्हणत. नावावरूनच समजा. पुढे १९८३ मध्ये मिनीमेडचा पहिला पंप आला, आणि नव्वदच्या दशकात पंप कमरेच्या पट्ट्याला लावण्याइतका झाला. तेव्हा लोकांना तो पेजर वाटायचा.

तुमचा भाऊ या उतारावरूनच बोलतोय, आणि इथवर त्याचं बरोबर आहे. दप्तर, वीट, पेजर. पण हा उतार पुढेही असाच चालेल, असं मात्र नाही, आणि का नाही ते नीट समजून घ्या.

पंपात काय काय असतं? मोटर, बॅटरी, मेंदू म्हणजे चिप, पडदा, बटणं, आणि इन्सुलिनची टाकी. चिप लहान झाली, मोटर लहान झाली, काही पंपांनी पडदा आणि बटणं काढून ती फोनवर किंवा वेगळ्या रिमोटवर नेली. राहिली टाकी. ती लहान कशी करणार? पंपात जे इन्सुलिन भरतात त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. वयात येणाऱ्या, चाळीस किलोच्या मुलीला दिवसाला चाळीस-पन्नास युनिट सहज लागतात. तीन दिवसांचे झाले दीडशे, म्हणजे दीड मिलिलिटर. चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा वाटेल तेवढा, पण तो मावायला कुपी हवी, ढकलायला दट्ट्या हवा, दट्ट्याला जागा हवी. तुमचा भाऊ ज्या बिननळीच्या पंपाबद्दल बोलतो, तो ऑम्निपॉड असावा. अमेरिकेत त्याला २००५ साली मंजुरी मिळाली, दुसऱ्या पिढीत तो सुमारे एक तृतीयांशाने लहान झाला आणि त्यात २०० युनिट मावतात. पण तोही अंगावर उंचवटा म्हणून दिसतोच. नळी गेली म्हणजे टाकी गेली नाही, ती सरळ कातडीवर आली एवढंच.

ओघात एक धोक्याची गोष्ट सांगते, कारण आपल्याकडे ती घडू शकते. इथे दुकानात मिळणाऱ्या इन्सुलिनच्या कितीतरी कुप्या ४० युनिट ताकदीच्या असतात, लाल टोपणाच्या सिरिंजसाठी. पंप आणि इन्सुलिन टोचायचं पेन १०० च्या ताकदीवर चालतात. एकाचं दुसऱ्यात घातलं तर डोस अडीचपट चुकतो. पुढे कधी पंप घेतलात तर घरात ४० ची कुपी ठेवूच नका.

आणि हेही ऐका. माझा पहिला पंप २००६ सालचा, एका करंगळीएवढ्या ट्रिपल-ए सेलवर चालणारा. साडीच्या निऱ्यांजवळ खोचला की कोणाला पत्ता लागत नसे. साठ सेंटिमीटरची नळी मात्र दाराच्या कडीत अडकायची. एकदा भाजीची पिशवी घेऊन वळले आणि सुई उपसून आली. काही वर्षांनी नवा घेतला. खोका उघडला आणि माझा विरसच झाला, कारण नवा पंप जुन्याहून मोठा निघाला! त्याला जाडा डबल-ए सेल लागतो, पडदा रंगीत आणि रुंद. मी तो दोन दिवस कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी लावला, सेन्सरशी जोडला, आणि त्या रात्री साखर खाली जाऊ लागताच त्याने आपणहून इन्सुलिन थांबवलं. मी झोपेतच होते. सकाळी आलेख पाहिला. तीस-बत्तीस वर्षं मध्यरात्री घामाने भिजून, हात कापत साखरेचा डबा शोधणारी बाई मी. त्या सकाळपासून पंपाच्या जाडीचा विचार माझ्या मनात आलेला नाही. यंत्र मोठं झालं आणि माझं ओझं कमी झालं, हे मी स्वतः भोगून सांगते.

सेन्सरची गोष्ट वेगळी, आणि तुमच्या मुलीसाठी आनंदाची. सेन्सरला औषध वाहायचं नसतं. कातडीखाली बारीक, अर्धा सेंटिमीटरची मऊ तार असते. तिच्यावर एक एन्झाइम लावलेलं असतं. साखरेशी त्याची क्रिया झाली की बारीकसा वीजप्रवाह तयार होतो, आणि तो मोजून आकडा निघतो. वर राहते ती बटणासारखी बॅटरी आणि फोनशी बोलणारी चिप. म्हणून सेन्सर खरोखरच झपाट्याने लहान झाले. १९९९ साली अमेरिकेत मंजूर झालेला पहिला सेन्सर तीन दिवस टिकायचा, तारेने कमरेच्या डब्याला जोडलेला असायचा, आणि त्याचे आकडे रुग्णाला दिसायचेच नाहीत. डॉक्टर नंतर ते उतरवून घेत. २०१४ मध्ये युरोपात फ्रीस्टाइल लिब्रे आला. पस्तीस मिलिमीटर रुंद, पाच मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा, चौदा दिवस टिकणारा. २०२० मध्ये त्याचीच पुढची पिढी एकवीस मिलिमीटरवर आली, साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढी, जाडी तीन मिलिमीटरपेक्षाही कमी. डेक्सकॉमचा जी सेव्हन आधीच्या जी सिक्सपेक्षा सुमारे साठ टक्क्यांनी लहान झाला.

त्या लहानपणाचीही किंमत असते. जी सिक्समध्ये आकडे फोनकडे पाठवणारा ट्रान्समीटर वेगळा होता, तीन महिने पुन्हा पुन्हा वापरायचा. आता सगळं एकजीव झालं, म्हणून दर खेपेला बॅटरीसकट सगळंच फेकावं लागतं. मला त्या कचऱ्याचं वाईट वाटतं. पण कातडीवरचा भार कमी झाला, हेही खरं.

'दिसायला नको' या इच्छेपायी काय होतं त्याचं एक उदाहरण तुमच्या लेकीला जरूर सांगा. २००१ साली ग्लुकोवॉच नावाचं घड्याळ अमेरिकेत मंजूर झालं. मनगटावर साधं घड्याळ, सुई नाही, बिल्ला नाही, कोणाला कळायचंही नाही. बारीक विजेच्या प्रवाहाने कातडीतून द्रव ओढून ते साखर मोजायचं. लोकांच्या मनगटावर लाल चट्टे उठले, आणि घाम आला की माप वगळलं जायचं. साखर उतरली की घाम फुटतो, म्हणजे नेमकं हवं तेव्हाच ते गप्प! काही वर्षांत बाजारातून गेलं. आजही न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या जाहिरातींत दिसतात. अमेरिकेत औषधांना आणि अशा यंत्रांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की स्वतःहून साखर मोजणारं असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. भावाने प्रेमाने पाठवली तरी त्या आकड्यावर इन्सुलिन देऊ नका.

भावाशी बोलताना त्याचं मन मोडू नका. लांब राहणाऱ्या मामाला काहीतरी करायचं असतं. पण त्याला सांगा, की तिकडचा पंप इथे आणला तर त्याचे सुटे भाग दर तीन दिवसांनी लागतात, ते कोण पाठवणार? बिघडला तर इथे दाद कुठे मागायची? दुसऱ्या देशातला सेन्सर इथल्या ॲपवर चालेलच असंही नाही. त्यापेक्षा त्याने इथे मिळणाऱ्या सेन्सरच्या खर्चात हात द्यावा. चौदा दिवसांचा सेन्सर म्हणजे वर्षाला सव्वीस, आणि एकेकाला हजारांत पैसे मोजावे लागतात. तुम्ही पत्रात पैशांचं लिहिलं नाहीत, पण मला माहीत आहे, ते मनात असतंच. सव्वीस परवडत नसतील तर महिन्याला एक लावा, उरलेले दिवस बोट टोचा. त्या पंधरा दिवसांत जे कळतं ते पुढच्या पंधरा दिवसांना पुरतं. पुष्कळ घरं असंच करतात आणि त्यात कमीपणा नाही.

आता फुगडी. मला हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते.

चवथीचा दिवस डोळ्यासमोर आणा. सकाळी पातोळ्यो, दुपारी खतखतं-भात, वर नेवऱ्या. तांदूळ, गूळ आणि नारळ. इन्सुलिन जास्त घ्यावं लागणार. मग संध्याकाळी त्या इन्सुलिनवर तासभर फुगडी. अंगमेहनतीने साखर खाली ओढली जाते, आणि फेर धरलेला असताना चक्कर फुगडीची की साखरेची, हे तिलाही कळणार नाही. हात गुंफलेले, बोट टोचायला कोण थांबणार? त्या वेळी दंडावरचा बिल्ला आकडा सांगतो आणि त्याबरोबर बाणही दाखवतो. साखर १२० आहे आणि बाण सरळ खाली आहे, तर बाजूला येऊन ग्लुकोज घ्यायचं, दहा-पंधरा मिनिटं टेकायचं, बाण आडवा झाला की परत फेरात. जो बिल्ला फुगडीत दिसेल म्हणून ती रडते, त्याच्यामुळेच तिला फुगडी पूर्ण करता येईल. हे तुम्ही सांगू नका, तिला स्वतःला बघू द्या. नेवऱ्यांचंही बघेल. तळणीच्या पदार्थाची साखर लगेच चढत नाही, तीन-चार तासांनी हळूच वर येते. मला हे चाळिशी उलटल्यावर आलेखात दिसलं. तोवर मी बापडी रात्रीच्या जेवणाला दोष देत होते.

मुलीचं दुखणं आकाराचं आहे असं मला वाटत नाही. रुपयाएवढा बिल्ला दिला तरी ती दार लावून बसेल. तिला विचारलं गेलेलं नाही, हे तिचं दुखणं. डॉक्टर ठरवतात, मामा ठरवतो, आजी ठरवते, शरीर मात्र तिचं. म्हणून दोन-तीन गोष्टी पूर्णपणे तिच्यावर सोडा. कुठल्या हाताला लावायचा. बाहीच्या आत राहील असा वर, की उघड. कोणाला सांगायचं आणि काय शब्दांत. फुगडीच्या ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत शिवली तर बिल्ला झाकलाही जाईल, तसं हवं असेल तर तसं शिवा. लपवणं हा गुन्हा नाही. फक्त सगळं लपवायलाच हवं, असं तिला घरातून ऐकू येऊ नये.

आजींना कमी लेखू नका, त्यांची भीती खरी आहे. त्यांच्याशी बोलताना एक आकडा हाताशी ठेवा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत गोव्यातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के आढळलं, देशात सर्वांत जास्त. तुमच्या वाड्यातही चारांमागे एकाला शुगर असणार. तो आजार टाईप टू, गोळ्यांवर बरीच वर्षं जातो. तुमच्या मुलीचा वेगळा. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, म्हणून ते बाहेरून द्यावंच लागतं. शेजारचे कारल्याचा रस सुचवतील, आपल्या अनुभवावरून आणि मायेने सुचवतील. रस हवा तर द्या, पण एकही इंजेक्शन चुकवू नका. राहिलं लग्न. माझं लग्न १९९८ साली झालं, तेव्हा पंप नव्हता, पण पर्समध्ये सुया होत्या आणि मुलाकडच्यांना पहिल्याच भेटीत दाखवल्या होत्या. माझ्या सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पोरीला जेवणाच्या आधी किती वेळ लागतो?" आणि पुढे वीस वर्षं माझं ताट त्या हिशोबाने वाढलं. मला दोन मुलगे आहेत. हे आजींना वाचून दाखवा.

शाळेत जाऊन बोला. माझ्या लहानपणी एका बाईंनी मी तासाला बिस्कीट खाते म्हणून पुडा काढून घेतला आणि अर्ध्या तासाने मी प्रार्थनेच्या रांगेत कोसळले. बाई वाईट नव्हत्या, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून टाईप वनच्या मुलांना वर्गात आणि परीक्षेत साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, खायला मुभा द्यावी असं कळवलंय. त्याची प्रत मुख्याध्यापकांना द्या. शाळेत फोन चालत नसेल तर सेन्सरचा आकडा दाखवणारा वेगळा रीडर मिळतो का ते बघा.

आता हातात घ्यायच्या गोष्टी. आपल्या हवेत गोंद टिकत नाही, ही इथल्या प्रत्येकाची तक्रार. आंघोळ झाल्यावर दंड पूर्ण कोरडा होऊ द्या, स्पिरिटने पुसा, पुन्हा वाळू द्या, मगच लावा. त्या दिवशी हाताला खोबरेल तेल अजिबात नको. वरून भोक असलेली जादा चिकटपट्टी मिळते, पावसाळ्यात ती लावाच, आणि कातडीला खाज सुटली तर डॉक्टरांना दाखवा, ओरबाडून काढू नका. पहिल्या दिवसाचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात. सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालचा द्रव मोजतो, त्यामुळे साखर भराभर बदलत असताना तो पाच-दहा मिनिटं मागे असतो. म्हणून बोटाचं मीटर घरात हवंच. आकडा आणि तिची तब्येत जुळत नसेल तर बोट टोचून खात्री करा. ती त्याच कुशीवर झोपली तर सेन्सर दाबला जाऊन रात्री खोटा 'लो', म्हणजे साखर उतरल्याचा आकडा, दाखवू शकतो. पहिल्या रात्री गजर झाला म्हणून घाबरून लगेच साखर कोंबू नका, आधी कूस बदला आणि मीटरने बघा.

पंपाचं एका वर्षानंतर ठरवा, तोवर आलेख वाचायला दोघी शिकाल. पंप घेतलात तरी पेन घरात ठेवावंच लागतं, कारण पंपात सावकाश काम करणारं इन्सुलिन नसतं. नळी तुंबली की इन्सुलिन मिळत नाही आणि काही तासांत अंगात किटोन नावाची घातक आम्लं तयार होऊ लागतात. हे डॉक्टर सांगतीलच, पण दुसऱ्यांदा ऐकलेलं लक्षात राहतं.

चवथीच्या तीन आठवडे आधीचा एखादा शनिवार निवडा, म्हणजे पहिला सेन्सर चवथीपूर्वी बदलून होईल आणि दुसरा अंगाला सवयीचा झालेला असेल. लावताना सेन्सर बसवायच्या साधनाचा दट्टा तिला स्वतःला दाबू द्या. टक् असा आवाज येतो, दुखतं ते बोट टोचण्यापेक्षा कमी. नंतर साधारण तासभर सेन्सर काहीच आकडा दाखवत नाही. तो तास तिच्या मैत्रिणींना घरी बोलवा आणि ओसरीवर फुगडी घालायला सांगा. बिल्ला हलतो का, कोणाच्या हाताला लागतो का, बाही कुठवर हवी, हे त्या पोरीच बघतील. मग जागा चुकली असं वाटलं तर दुसरा सेन्सर लावताना दोन बोटं मागे सरका.

काय झालं ते मला कळवा. शक्य झालं तर या वेळी पत्र तिलाच लिहू द्या.